तत्त्वज्ञान विभाग, पटसंख्या एक

धारूरच्या कॉलेजात शहात्तर साली
तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणारा मी एकटा.
म्हणजे मला ताप आला की विभाग बंद,
मी पास झालो की निकाल शंभर टक्के.

काझी सर तरी हजेरी घ्यायचे.
चष्मा पुसून, मस्टर उघडून,
बापाच्या नावासकट हाक मारायचे,
आणि समोर दीड हातावर बसलेला मी
उठून उभा राहायचो : हजर, सर.

वर्ग म्हणजे निजामाच्या वेळच्या
करोडगिरी नाक्याची मागची खोली.
खिडकीत बालाघाटाचा डोंगर, सीताफळीची झुडपं.
सर तिकडं खडू रोखायचे.
त्या डोंगरावर आग आहे. कशावरून?
धूर आहे म्हणून, सर.
धूर हा हेतू झाला. उदाहरण?
स्वयंपाकघर, सर. जिथं धूर, तिथं विस्तव.
शाब्बास मियाँ. इतकी शतकं गेली,
याहून चांगलं उदाहरण कुणाला सापडलं नाही.

अकराच्या एसटीनं गावाकडून डबे यायचे,
ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवलेले,
तेवढेच कोमट.
माझ्या डब्यावर गफूर पेंटरनं
लाल रंगात 'फिलासफी' लिहून ठेवलं होतं.
स्टँडवर मग तेच माझं नाव पडलं.

गणपतीच्या आधी औरंगाबादहून कमिटी आली,
एकासाठी विभाग कशाला, ते बघायला.
प्राचार्यांनी कॉमर्समधून दोन पोरं उसनी आणली.
सफारीवाल्या साहेबांनी नेमकं बन्सी मुरकुटेलाच उठवलं :
अनुमानाचं एक उदाहरण सांग.
बन्सीनं छताकडं पाहिलं, चपलेकडं पाहिलं,
म्हणाला, सर, डबा आला म्हंजी माय बरी हाय.
कमिटी हसली, चहा प्यायली. विभाग राहिला.
काझी सर हसले नाहीत.
त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दिवाळीनंतर चारपाच दिवसांनी
डबा उघडला.
भाकरी लहान. कडेला जाड, मधे करपलेली,
वर चार बोटांचे ठसे, बारीक.
जेवलो नाही. सरांनी शिकवलं तसं
पायरीला पायरी लावत गेलो.
हा हात मायचा नाही.
माय आजारी असती तर काकूनं थापली असती,
काकूची भाकरी पातळ.
म्हणजे दोघीही घरी नाहीत.
म्हणजे टोळी निघाली, कोयते निघाले,
माय यंदा पहिल्यांदा उसाला गेली.
माझी फी दसऱ्यालाच कशी भरली गेली,
तेही जुळलं.
पुढची पायरी मला नको होती, तरी लागलीच :
गाडी आमच्या फाट्यावर दहाला येते.
फाटा दीड कोस.
झुंबरची शाळाही दहालाच भरते.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर
सगळं फळ्यावर मांडलं, पाची अवयवांसह.
सर म्हणाले, चूक कुठंच नाही.
मग बराच वेळ खिडकीकडं बघत राहिले.
त्या दिवशी डोंगरावर धूरबीर काही नव्हता.
म्हणाले, उद्यापासून डबा बंद कर,
आमच्याकडं जेवत जा.
मी हो म्हणालो.
डबा बंद केला नाही.
लाज वाटली म्हणून,
की करपलेल्या भाकरीची सवय झाली म्हणून,
याचा हेतू मला अजून सापडलेला नाही.

जूनमध्ये निकाल लागला, शंभर टक्के.
जुलैत विभाग मोडला.
त्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

परवा झुंबर आली होती चार दिवस.
चुलीवरचीच खावी वाटते म्हणून
अंगणात तीन दगड मांडून बसली.
म्हणाली, दादा, तू तवा काय शिकत व्हतास रे?
मी म्हणालो, धूर दिसला की आग वळखायची.
तिचा हात थांबला नाही.
भाकरी तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून
म्हणाली,
त्याला कालेज लागतंय व्हय?